‘भारत एक खोज’ : आजच्या नजरेने

पूर्वीचे दूरदर्शन सरस की आजच्या वाहिन्या, हा वाद आपण बहुधा आठवणींच्या भरवशावर घालतो, आणि आठवणीत चांगले तेवढेच टिकते. त्यामुळे त्या काळातली एखादी मालिका नव्याने पाहूनच मत द्यावे, या विचाराने श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ पुन्हा पाहिली. 1988 साली दूरदर्शनवर सुरू झालेली ही 53 भागांची हिंदी मालिका आता यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध आहे.

पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना लिहिलेला ग्रंथ हा तिचा आधार. नेहरूंच्या भूमिकेतील रोशन सेठ निवेदन करतात, ओम पुरी यांचा आवाज कथेचा धागा पुढे नेतो आणि मधले प्रसंग नाट्यरूपाने घडतात. मालिकेचे खरे धाडस दिसते ते महाभारताच्या भागांत. त्याच सुमारास दर रविवारी मुकुट-बाणांचे भव्य महाभारत घरोघरी पाहिले जात असताना बेनेगल यांनी पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन-अभिनय करून सांगण्याची छत्तीसगडची लोककला, सादर करणाऱ्या तीजनबाईंना पडद्यावर आणले. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, आवाज चढतो, पाय ठेका धरतात, आणि एकट्या बाईच्या देहबोलीतून अख्खी सभा उभी राहते. लोककलेवर इतका विश्वास टाकणारी ऐतिहासिक मालिका आज मला कोणत्याही वाहिनीवर दिसत नाही.

मराठी प्रेक्षकाने शिवाजी महाराजांवरचे दोन भाग आवर्जून पाहावेत. महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह आहेत आणि औरंगजेबाच्या भूमिकेत ओम पुरी. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांत प्रत्येक वाक्यानंतर जो पार्श्वसंगीताचा कडकडाट होतो, तो इथे नसल्यामुळे माणसे काय बोलतात याकडे लक्ष जाते. सदाशिव अमरापूरकरांनी साकारलेले महात्मा फुले तर या मालिकेतील सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक आहे. ज्यांना ते केवळ हिंदी चित्रपटांतील खलनायक म्हणून माहीत आहेत, त्यांनी हा भाग चुकवू नये.

उणिवाही आहेत. लढाया मोजक्या सैनिकांत उरकलेल्या दिसतात, नेपथ्य अनेकदा नाटकाच्या रंगमंचासारखे वाटते आणि काही भागांत संवादांची जागा व्याख्यान घेते. वेशभूषा, चित्रणाची स्पष्टता, गर्दीचे प्रसंग यांत आजच्या मालिका निःसंशय पुढे आहेत. शिवाय दूरदर्शनवरचे सगळेच काही या तोडीचे नव्हते. एकच वाहिनी असल्यामुळे आपण रटाळ कार्यक्रमही मुकाट्याने पाहत होतो.

तरीही ही मालिका आजच्या दैनंदिन मालिकांपेक्षा मला उजवी वाटते, आणि त्याचे कारण काळात नसून ती बनवण्याच्या पद्धतीत आहे. विषय कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार हे लिहिणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते. आठवड्यातून पाच-सहा भाग द्यायचे आणि टीआरपी चांगला असेल तोवर कथानक ताणायचे, या रेट्यात कितीही गुणी लेखक असला तरी त्याला संशोधनाला किंवा विचाराला उसंत मिळत नाही. याचा पुरावाही बेनेगल यांनीच दिला आहे. 2014 मध्ये राज्यसभा टीव्हीसाठी त्यांनी ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका केली, लेखनाला पुन्हा शमा झैदी आणि अतुल तिवारी होते, सचिन खेडेकरांनी डॉ. आंबेडकर उभे केले, आणि संविधान सभेतील चर्चांसारखा रुक्ष वाटणारा विषय त्यांनी विलक्षण रंगवला. दोन्ही वेळा मागे सार्वजनिक वाहिनी होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

सर्व 53 भाग सलग पाहण्याची गरज नाही. बहुतेक विषय एक-दोन भागांत पूर्ण होतात, त्यामुळे आधी फुले, मग शिवाजी महाराज आणि त्यानंतर महाभारत असा क्रम ठेवला तरी चालेल. शाळकरी मुलांना मात्र सोबत बसून दाखवावी. हिंदी बरीच संस्कृतप्रचुर आहे आणि मध्ये थांबून समजावून सांगावे लागते.