डार्कटेबल: विमानांच्या फोटोंसाठी फुकटचं पण हट्टी सॉफ्टवेअर

विमानांचे फोटो एडिट करायला काय वापरू, असं कोणी विचारलं की मी डार्कटेबल सांगतो आणि त्याच दमात बजावतो की सुरुवातीला वैतागशील. लग्नाचे नाहीतर सहलीचे फोटो करायचे असतील तर याच्या वाटेला जाऊच नये, मोबाइलमधलं एखादं ॲप ते काम झटक्यात उरकतं. विमानाचं तसं नाही. त्याचा रंग कंपनीने ठरवून दिलेला असतो. आपल्याला तो आवडो न आवडो, फोटोत तसाच यायला हवा. माझी सगळी नोकरी छापखान्यात, प्रीप्रेसला म्हणजे छपाईआधीच्या तयारीत झाली. गिऱ्हाईक प्रूफ हातात घेऊन ‘हा आमचा लाल नाही’ म्हणालं की तिथे वाद संपला. या सवयीच्या माणसाला डार्कटेबल पटतं, कारण ते स्वतःहून फोटो सजवायला जात नाही.

२००९ पासून डार्कटेबलचं काम हौशी प्रोग्रामर मंडळी चालवतात. मुक्त स्रोत आहे, एक पैसा लागत नाही. लिनक्स, मॅक, विंडोज, तिन्हींवर चालतं. मूळ रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फोटोला, हात लावत नाही. केलेले बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहून ठेवतं.

आधी लेव्हल, म्हणजे फोटो सरळ करणं. स्पॉटर म्हणजे विमानं टिपणाऱ्या हौशी लोकांच्या मोठ्या साइटींवर फोटो तपासायला स्क्रीनर बसलेले असतात आणि अर्धा अंश कललेला फोटोही परत येऊ शकतो. नवशिका रनवेची कड बघून फोटो सरळ करतो आणि तिथेच फसतो. रनवे तिरक्या कोनातून घेतला की त्याची कड कललेलीच दिसणार. शिवाय रनवेला स्वतःचा चढउतारही असतो. विमानावर तर अजिबात विसंबू नये, उतरताना त्याचं नाक वर, उडताना आणखी वर. भरवसा ठेवायचा तो उभ्या रेषांवर, त्यातही फ्रेमच्या मध्याजवळच्या. मुंबईत जरीमरीच्या बाजूने २७ नंबरच्या रनवेवर येणारं विमान टिपलं की मागे उंच इमारती हटकून येतात. देखावा म्हणून त्यांना कोणी विचारणार नाही, पण लेव्हलला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. (फोटो बाहेरच्या इमारतीच्या गच्चीवरून काढायचे, तेही सोसायटीला विचारून. आणि गोव्याला दाबोळीत हा उद्योग करू नका, तो नौदलाचा तळ आहे.)

डार्कटेबलमध्ये एकेका कामाला एकेक हत्यार असतं, त्याला मॉड्यूल म्हणतात. त्यातलं ‘रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह’ उघडायचं, माउसचं उजवं बटण दाबून इमारतीच्या कोपऱ्यावरून वरून खाली रेघ ओढायची आणि सोडून द्यायची. ०.३ अंश असो की ०.६, फोटो तेवढा फिरतो. याच मॉड्यूलमध्ये उभ्या रेषा आपोआप समांतर करायची सोय आहे, तिला हात लावू नका. मागच्या इमारती ताठ होतात आणि विमानाचं गोल इंजिन लंबगोल.

कॉन्ट्रास्टचा खरा शत्रू मुंबईची हवा. थंडीत सकाळी धुरकं, पावसाळ्यात राखाडी आभाळ. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत तर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, थोडा उत्तरेलाच. विमानाची पाठ चमकते आणि पोट काळं पडतं. इंडिगोचं पोट मुळातच गडद निळं, त्याची निव्वळ शाई होते. इथे ‘टोन इक्वलायझर’ कामाला येतो, आणि माझ्या मते एवढ्या एका मॉड्यूलसाठी हे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं. कर्सर पोटावर न्यायचा आणि माउसचं चाक फिरवायचं. त्या उजेडाच्या टप्प्यातला भाग तेवढा उजळतो. पत्र्याचे सांधे, अँटेना, चाकांच्या कप्प्याच्या कडा जागच्या जागी राहतात. सगळा फोटो करडा पडत नाही. टायर थोडे उजळतात, ते चालतं.

धुरकं घालवणारं ‘हेझ रिमूव्हल’ मात्र मिठासारखं वापरायचं. ०.२ च्या फार पुढे नेलं की विमानाभोवती देवाच्या तसबिरीतली प्रभावळ उमटायला लागते. आणि तापलेल्या डांबरावरून उठणारी हवेची थरथर? तिच्यावर यात इलाज नाही, दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्येही नाही. खिडक्यांची रांग नागमोडी दिसली की फोटो सरळ टाकून द्यायचा.

आता एक बारीकशी सोय, जी मला सगळ्यात जास्त आवडते. कंट्रोल आणि बी दाबलं की फोटोभोवती पांढरी चौकट येते आणि तिच्यामागे मध्यम करडा रंग. छापखान्यात प्रूफ बघायला डी५० या ठरावीक पांढऱ्या उजेडाच्या दिव्यांची पेटी असते, तिचाच हा पडद्यावरचा अवतार. एरवी सॉफ्टवेअरचा चेहरा काळपट असल्याने त्यात फोटो आहे त्याहून उजळ वाटतो आणि आपण तो अंधारा ठेवून मोकळे होतो. पांढऱ्या चौकटीशेजारी विमानाचा पांढरा ठेवला की तो पांढरा आहे की मळका, हे लगेच कळतं. जोडीला ‘ओ’ दाबलं की फाटलेले, म्हणजे उजेडाने तपशील उडालेले, भाग ते रंगवून दाखवतं. उन्हातल्या पांढऱ्या पत्र्यावर हे आधी बघावं, मग पुढचं काही.

रंगाच्या बाबतीत दोन गोष्टी अवघड. पहिली, पांढरा. ‘कलर कॅलिब्रेशन’मधला पिकर, म्हणजे रंग मोजणारं टोक, विमानाच्या पांढऱ्या अंगावर ठेवला की व्हाइट बॅलन्स झटकन जुळतो. दुपारी हे बरोबर, लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळपास आले पाहिजेत. संध्याकाळी मात्र हाच पिकर घात करतो. जानेवारीत साडेपाचच्या उन्हात विमान पिवळसर दिसणारच, त्याला दुपारचा पांढरा दिला तर रस्त्यावरची लांब सावली आणि विमानाचा रंग यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी मी लाल २३६, हिरवा २२८, निळा २१० अशा उतरत्या आकड्यांवर समाधान मानतो. ऊन राहतं आणि कोणी हळद लावल्यासारखंही दिसत नाही.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे वांगी रंग. विस्तारा या विमान कंपनीची ती ओळखच होती. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, पण ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एअर इंडियाच्या नव्या रंगसंगतीतही लाल आणि सोनेरीच्या जोडीला वांगी आहेच. हा रंग फार नाजूक. हवेतल्या धुरक्याचा निळेपणा मिसळला की निळा होतो, कॉन्ट्रास्ट वाढवला की काळा. डोळ्यावर भिस्त न ठेवता पिकर शेपटीवर ठेवावा. हिरव्याचा आकडा सगळ्यात कमी हवा आणि लाल-निळे एकमेकांना धरून चालले पाहिजेत. लाल मागे पडला असेल तर सॅच्युरेशन वाढवून काही साधत नाही, व्हाइट बॅलन्स नाहीतर काळ्याची पातळी चुकलेली असते. शेजारच्या लालचं दुखणं उलटं. कडक उन्हात तो इतका भडकतो की लाल भागाचा सपाट ठिपका होतो, उतारचढाव दिसत नाही. तिथे उजेड नव्हे, रंगाचा जोर कमी करायचा. टोनसाठी, म्हणजे उजेड-अंधार पडद्याच्या आवाक्यात बसवायला, ‘सिग्मॉइड’ मॉड्यूल निवडलं असेल तर ‘प्रिझर्व्ह ह्यू’ १०० वरच राहू द्या, नाहीतर उजळताना लाल केशरीकडे सरकतो.

एक्सपोर्ट एसआरजीबी या नेटवर सर्रास चालणाऱ्या रंग-प्रोफाइलमध्येच. दुसरं प्रोफाइल दिलं आणि समोरच्या ॲपला ते कळलं नाही, तर एवढी मेहनत करून रंग फिकट दिसतात.

तक्रारी भरपूर आहेत. एकच काम करायला तीन-तीन मॉड्यूल, त्यातली काही जुन्या पद्धतीची, आणि नेटवरचे अर्धे व्हिडिओ त्या जुन्याच पद्धती शिकवतात. ‘व्हाइट बॅलन्स’ आणि ‘कलर कॅलिब्रेशन’ दोन्हींत ढवळाढवळ केली की दुहेरी दुरुस्तीचा इशारा येतो, नवख्याला त्याचा अर्थ लागत नाही. पहिल्याला ‘कॅमेरा रेफरन्स’वर सोडून दुसऱ्यातच काम करावं. फिरवणं एका मॉड्यूलमध्ये, कापणं दुसऱ्यात, हे का, ते त्यांनाच ठाऊक. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर धार वाढवणारं ‘डिफ्यूज ऑर शार्पन’ चालू केलं तर चहा टाकून यावा. अगदी नवा कॅमेरा बाजारात आला की त्याची रॉ फाइल इथे उघडायला थांबावं लागतं. नवा कॅमेरा घेणाऱ्याने आधी डार्कटेबलची चालणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी बघावी.

एका बाबतीत मात्र ही मंडळी शब्दाला पक्की आहेत. मॉड्यूल जुनं झालं तरी जुन्या फोटोतून ते काढून टाकत नाहीत, जुनं एडिट जसंच्या तसं उघडतं. एअर इंडियाचं शेवटचं बोइंग ७४७ विमान २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून पंख हलवत गेलं. त्याच्या रॉ फाइली ज्यांच्याकडे असतील त्यांनी नव्या आवृत्तीत त्यांची दुसरी प्रत करून बघावी, जुनं काम बिघडत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या मॉड्यूलांच्या जत्रेपायी कापला. विकतच्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीचे जे पैसे वाचतील त्यात मॉनिटर कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग जुळवून देणारं यंत्र, घ्या. तो नसेल तर वर लिहिलेला वांगी रंग तुमच्या पडद्यावर कोणता दिसतोय, याची हमी मी देत नाही.