सुपरडार्नचा डेटा आणि पायडार्न: नकाशाआधी ठिपके बघा

साधारण ३०० किलोमीटर उंचीवरचा प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉनांचा विद्युतभारित वायू, कुठे आणि किती वेगाने सरकतोय, हे जमिनीवरून सतत मोजायचं तर सुपरडार्न या रडारांच्या साखळीला तोड नाही. कॅनडातल्या गूज बे इथे १९८३ मध्ये सुरू झालेल्या रडारपासून वाढत गेलेल्या या साखळीत आज दोन्ही गोलार्ध मिळून तीसहून जास्त रडार आहेत. डेटा फुकट आहे, आणि तो वाचून आलेख काढणारी पायडार्न ही पायथन लायब्ररीही फुकट.

हे रडार ८ ते २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. १० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३० मीटर पडते, म्हणून प्रतिध्वनी येतो तो १५ मीटर आकाराच्या घनतेच्या चढउतारांवरून, आणि तोही लहर चुंबकीय रेषांना काटकोनात भिडली तरच. सेकंदाला ५०० मीटर वेगाने सरकणारा प्लाझ्मा या लहरीची वारंवारता जेमतेम ३३ हर्ट्झने बदलतो. तेवढा फरक पकडायला विषम अंतरांवर सात-आठ स्पंदांची माळ सोडतात. एक स्पंद ३०० मायक्रोसेकंदांचा, म्हणून अंतराचं एक घर ४५ किलोमीटरचं. पहिलं घर १८० किलोमीटरवर, पुढे साधारण ७५ घरं, १६ बीम (म्हणजे झोत टाकायच्या १६ दिशा). सगळी फेरी एक-दोन मिनिटांत पूर्ण.

सुरुवात नकाशापासून करू नये. एका रडारचा मधला बीम घ्यावा, सातवा चालेल, आणि वेळ-अंतर आलेखावर वेग काढावा. धन वेग म्हणजे रडारकडे येणारा. वेग जवळपास शून्य आणि वर्णपट (प्रतिध्वनीतल्या वेगांचा पसारा) अगदी अरुंद असा रुंद पट्टा दिसला, तर तो बहुतेक जमिनीवरून उसळून परत आलेला प्रतिध्वनी असतो. सॉफ्टवेअर तो आपोआप वेगळा काढतं: वेग (चिन्ह सोडून) अधिक वर्णपटाच्या रुंदीचा तिसरा हिस्सा, ही बेरीज सेकंदाला ३० मीटरच्या खाली गेली की ‘जमीन’ असा शिक्का. खरी गोची इथेच आहे. मध्यम अक्षांशांवर रात्रीचा प्लाझ्मा मुळातच संथ असतो, त्यामुळे अस्सल प्रतिध्वनीवरही तोच शिक्का बसतो. तो डेटा डोळे झाकून गाळला तर उरतात फक्त वेगवान ठिपके, आणि सरासरी फुगते. व्हर्जिनियातल्या ब्लॅकस्टोनसारख्या रडारचा डेटा वापरताना शिक्का बाजूला ठेवून पट्टा स्वतः तपासावा.

एक रडार फक्त स्वतःच्या रेषेतला वेग देतो. बीमशी ६० अंशांचा कोन करून ६०० मीटरने धावणारा प्लाझ्मा त्याला ३००चाच दिसतो. शिवाय प्लाझ्मातला अपवर्तनांक एकपेक्षा कमी असल्याने मोजलेला वेग खऱ्यापेक्षा थोडा कमीच भरतो. ही दुरुस्ती नेहमीच्या फाइलमध्ये केलेली नसते.

आता नकाशे. सगळ्या रडारांचे वेग एकत्र करून विद्युत विभवाची समविभव वर्तुळं बसवतात आणि जिथे प्रतिध्वनी नाही तिथे सांख्यिकी मॉडेल भरतात. चित्र देखणं येतं, पण सदिश, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेले वेग, कमी असले तर ते मोजमाप कमी आणि मॉडेलच जास्त असतं. फाइलमध्ये सदिशांची संख्या दिलेली असते. ती दोनशेच्या खाली असेल तर ध्रुवीय टोपीवरच्या (ध्रुवाभोवतालच्या प्रदेशावरच्या) विभवाचा आकडा लेखात वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्तुळांवर सदिशांचे ठिपके छापल्याशिवाय नकाशा कुणाला दाखवूच नये.

भारतावरचा प्लाझ्मा या साखळीतून मिळत नाही. तिरुनेलवेलीजवळ चुंबकीय रेषा जवळपास आडव्या असतात, आणि तिथे महत्त्वाचा असतो तो संध्याकाळचा वर चढणारा वेग. त्यासाठी आयनोसोंड, म्हणजे सरळ वर रेडिओ स्पंद सोडणारा रडार, घ्यावा आणि प्लाझ्माच्या थराच्या तळाची उंची वेळेगणिक कशी बदलते ते मोजावं. थर ३०० किलोमीटरच्या वर असतानाच हा हिशेब धरावा. त्याखाली तळाचे इलेक्ट्रॉन आयनांशी जुळून झपाट्याने नाहीसे होतात आणि थर चढत नसतानाही चढल्यासारखा दिसतो.