जुने पवित्र शास्त्र पुन्हा बांधून घेताना : पुण्यातील एका बाइंडरच्या कामाविषयी

आईचे पवित्र शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, गेल्या पावसाळ्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी तिच्या हातातच सुटले. इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय वाचत असताना पुढचा सगळा गठ्ठा, म्हणजे याकोबापासून प्रकटीकरणापर्यंतचा भाग, तिच्या मांडीवर आला आणि डाव्या हातात उरले ते उत्पत्तीपासून इब्रीपर्यंतचे जाडजूड शास्त्र. नवी प्रत घेऊ या, असे मी त्याच दिवशी सुचवले होते. नवी प्रत मिळायला काहीच अडचण नव्हती. बायबल सोसायटीच्या प्रती अजूनही परवडणाऱ्या किमतीत मिळतात, मोठ्या टायपातील मिळतात आणि सोप्या मराठीतील भाषांतरेही आता उपलब्ध आहेत. आईने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तोच गठ्ठा स्वच्छ पंच्यात बांधून माझ्या हाती दिला. त्यामुळे जुनी पुस्तके हाताने बांधून देणारा माणूस शोधणे मला भाग पडले, आणि तो पुण्यातील एका पेठेत, छापखान्यांच्या बोळात, पाटी नसलेल्या एका गाळ्यात सापडला. त्याच्या कामाचा हा अभिप्राय, घरातील वापराचे शास्त्र बांधून घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

आधी व्यवहाराचे सांगते. रेक्झिनच्या बांधणीला सातशे रुपये आणि कातड्याच्या बांधणीला साडेअकराशे, असा दर त्यांनी सांगितला. पाचशे रुपये आगाऊ घेतले, तीन आठवड्यांची मुदत दिली आणि प्रत्यक्षात पाच आठवडे लावले. उशिराचे कारण विचारले तेव्हा, पावसात खळ वाळत नाही, एवढेच उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. पण फोन करून कळवले असते तर माझी एक खेप वाचली असती.

कातड्याच्या प्रश्नावरून मात्र मला या माणसाची पारख झाली. दर सांगून झाल्यावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, “ताई, धर्मग्रंथ आहे म्हणून विचारतो. कातडं चालेल ना तुमच्यात? आमच्याकडे पोथ्या येतात, त्यांना आम्ही कातडं लावत नाही.” आमच्यात चालते, असे मी सांगितले. तरीही, आईला एकदा विचारून या, असे त्यांनी सुचवले. ग्राहकाच्या श्रद्धेची स्वतःहून इतकी चौकशी करणारा कारागीर मला तरी याआधी भेटला नव्हता.

या शास्त्राची दुरुस्ती एकदा झालेली होती आणि खरे नुकसान तिनेच केले होते. साधारण बारा वर्षांपूर्वी सुटलेली पाने आम्ही घराजवळच्या एका दुकानात दिली होती. त्या दुकानदाराने शेवटचे काही फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, एकत्र दाबून त्यांना आरपार भोके पाडली, आडवी शिलाई मारली आणि वरून पांढऱ्या डिंकाचा जाड थर दिला. त्या दिवसापासून तेवढा भाग कधीच पूर्ण उघडला नाही. उजवीकडच्या पानांवर आतल्या रकान्यातील ओळींची पहिली अक्षरे कण्याच्या खोबणीत गेली, आणि तिथे वाचणाऱ्याला शब्द अर्धा पाहून उरलेला मनाने भरावा लागे. आईला तो भाग पाठ असल्याने तिची अडचण झाली नाही; घरातील मुलांची मात्र झाली, आणि संडे स्कूलच्या स्पर्धेत माझ्या भाच्याने एक वचन सुरुवातीची अक्षरे गाळूनच म्हटले, याचा दोष मी त्या शिलाईला देते.

पेठेतल्या बाइंडरने पहिला आठवडा केवळ ही आधीची दुरुस्ती काढण्यात घालवला. ओलसर स्पंज कण्यावर ठेवून डिंक मऊ करायचा, बोथट सुरीने तो खरवडायचा आणि एकेक फर्मा अलग करायचा, असे ते काम होते. शास्त्राचा कागद कांद्याच्या सालीइतका पातळ असतो, त्यामुळे सुरी जरा जास्त दाबली गेली तर पान गेलेच म्हणून समजावे. मी मध्ये एकदा पाहायला गेले तेव्हा सगळे फर्मे क्रमाने लावलेले होते, जुन्या भोकांवर पातळ टिश्यूचे ठिगळ बसवलेले होते आणि शेजारी मेण लावलेल्या दोऱ्याचे रीळ ठेवलेले होते. नवी शिलाई जुजबंदी आहे, म्हणजे प्रत्येक फर्मा त्याच्या घडीतून शिवून शेजारच्या फर्म्याला दोऱ्याने जोडलेला आहे. अशा बांधणीत डिंकाचे काम दुय्यम असते आणि पुस्तक कुठेही उघडले तरी सपाट पडून राहते. खळीत त्यांनी मोरचूद घातला होता, त्यामुळे कसर लागत नाही असे ते म्हणाले, आणि जुन्या बांधणीच्या पुठ्ठ्यात कसरीने केलेले बोगदेही त्यांनी मला दाखवले.

त्याच भेटीत त्यांनी एक निरीक्षण सांगितले, ज्यामुळे हे लिहावेसे वाटले. पारायणाच्या पोथ्यांची सुरुवातीची पाने आधी झिजतात, कारण सुरुवात पुष्कळ जण करतात. या पुस्तकाची मात्र मधली एक जागा आणि शेवटाकडची एक जागा झिजली आहे, बाकीचे सारखे वापरलेले आहे, असे ते म्हणाले. मधली जागा स्तोत्रसंहितेची. बाकीचे सारखे वापरलेले असण्याचे कारण सोपे आहे. आई रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच, असा नेम पाळते. शास्त्रात एकंदर 1,189 अध्याय आहेत, आणि या नेमाने ते वर्षभरात पुरे होऊन थोडी सवलतही उरते. हे शास्त्र तिला 1974 साली दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चची पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या, वेळी माझ्या आजोबांनी दिले. रात्रपाळी करणारी परिचारिका असल्याने तिचे वाचन कित्येक वर्षे सकाळी घरी आल्यावर, चहाच्या आधी होत असे, आणि काही पानांच्या कोपऱ्यांवर दिसणारे फिकट जांभळे डाग दवाखान्यातल्या औषधाचे आहेत, असे ती सांगते.

शेवटाकडची झिजलेली जागा इब्रीच्या दहाव्या अध्यायाची. पान वाळत असताना बाइंडरने ते वाचले होते. तेविसाव्या वचनाखाली निळ्या शाईची रेघ आहे, आणि तिच्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हा ‘पत्कर’ म्हणजे आपलं पत्करणं, तेच का?” तेच, पण थोडे जास्त. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ उघडपणे दिलेली कबुली असा आहे. मराठी भाषांतरकारांनी निवडलेल्या शब्दाला त्याखेरीज जामीनकीचा वास आहे. एखाद्याचा पत्कर घेणे म्हणजे त्याच्यासाठी जबाबदार राहणे. आशेचा पत्कर न डळमळता दृढ धरावा, असे ते वचन सांगते, आणि ज्यांना ते लिहिले होते त्या लोकांची मालमत्ता लुटली गेली होती, चारचौघांत त्यांची निंदा झाली होती, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी एकत्र जमणे सोडून दिले होते, हे त्याच अध्यायात पुढे मागे वाचायला मिळते. म्हणजे दमलेल्या माणसांना लिहिलेले ते पत्र आहे. मी हे सगळे त्यांना त्या गाळ्यात उभी राहून सांगत बसले, हे आता जरा अगोचरपणाचे वाटते. त्यांनी मात्र हातातला दोरा खाली ठेवून ऐकले.

त्याच पानाच्या बाहेरच्या समासात आईने पेन्सिलीने एक टीप केली होती : “10-3-91. आज गेले.” तो ईस्टरआधीच्या उपवासकाळातला रविवार होता. त्याआधीचे अकरा महिने आई मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलेली नव्हती. ती महिला मंडळाची खजिनदार होती. हिशेबात साडेतीनशे रुपयांचा फरक निघाला, बोलणाऱ्यांनी बोलायचे ते बोलून घेतले, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्याच वहीत ती पावती सापडली तेव्हा कोणीही तिच्या दारी आले नाही. घरात तिने वाचन सोडले नाही, प्रार्थना सोडली नाही, आम्हा मुलांना रविवारी तयार करून पाठवायचे सोडले नाही. स्वतः मात्र उंबरठ्यावरून परत फिरत असे. बाहेरच्या माणसाने विश्वासावरून टोमणा मारला तर आई त्याला सडेतोड उत्तर देत असे, ते आम्ही लहानपणापासून पाहिले होते. आपल्याच लोकांनी दुखावल्यावर ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यांच्याच शेजारी पुन्हा बाकावर बसणे हे तिला त्याहून किती तरी जड गेले, आणि ते तिने कोणाशी बोलून नव्हे, तर रोज तीन अध्याय या नेमात इब्रीपर्यंत पोहोचून केले.

अशा प्रसंगात मला नेहमी पंडिता रमाबाई आठवतात. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा इकडचे लोक त्यांच्यावर रागावले, हे सर्वांना माहीत असते. पण ज्या ख्रिस्ती मठवासी भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या होत्या त्यांच्याशीही, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, त्यांनी धर्ममतांवरून पत्रांतून सडकून वाद घातला, आणि वाद घालतच त्या ख्रिस्ताच्या राहिल्या, याची आठवण कमी लोक ठेवतात. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले, त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छापण्याचे काम तिथल्याच स्त्रियांनी केले, आणि 1922च्या एप्रिलमध्ये शेवटची मुद्रिते हातावेगळी होतात न होतात तोच त्या गेल्या. शास्त्र प्रसिद्ध झाले ते 1924 साली. ‘पत्कर’सारखा शब्द त्यांना अवघड वाटला असता की काय, असा प्रश्न माझ्या मनात येतो. आईच्या बाबतीत तरी तो अवघड शब्दच इतकी वर्षे कामी आला.

आता या बांधणीतील दोषांकडे वळते. पहिला किरकोळ आहे. कव्हरवर सोनेरी अक्षरांत ‘पवित्र शास्त्र’ असे उठवायचे ठरले होते, परंतु त्यांच्याकडच्या पितळी अक्षरांच्या संचात ‘स्त्र’ हे जोडाक्षर नव्हते. ‘शास्र’ असे करून देतो, कोणाच्या लक्षात येत नाही, असे त्यांनी सुचवले. माझ्या लक्षात आले होते, म्हणून मी नको म्हटले, आणि आता कव्हरवर केवळ एक लहान क्रूस आहे, तोही केसभर डावीकडे सरकलेला. खुणेच्या फिती मी दोन सांगितल्या होत्या, एक जुन्या करारासाठी आणि एक नव्यासाठी, मिळाली एकच. तिच्यासाठी त्यांनी वीस रुपये कमी केले.

दुसरा दोष मोठा आहे. पानांच्या कडा कापू नका, असे मी पहिल्याच दिवशी तोंडी सांगितले होते, कारण समासात टिपा आहेत. पावतीवर मात्र फक्त “1 बायबल, लेदर” एवढेच लिहिलेले होते. शिलाई झाल्यावर फर्मे एका रेषेत दिसावेत म्हणून त्यांच्या हाताखालच्या मुलाने पुस्तक सवयीने यंत्राखाली घातले आणि बाहेरच्या कडेची दीड-दोन मिलिमीटर पट्टी उतरवली. बहुतेक टिपा वाचल्या. इब्रीच्या पानावरची नाही वाचली, तिथे आता “10-3-91. आज गे” एवढेच उरले आहे. मी ते दुकानातच पाहिले आणि माझा आवाज चढला. बाइंडरने मुलावर ढकलले नाही. चूक माझी, कापायला मीच दिले, असे त्यांनी सांगितले आणि उरलेले पैसे घ्यायला नकार दिला. मी ते ठेवून आले, कारण पाच आठवड्यांच्या बाकीच्या कामाची ती योग्य किंमत होती आणि त्या एका अक्षराची किंमत दोघांपैकी कोणालाच करता आली नसती.

घरी आईने शास्त्र हातात घेतले, आधी नाकाशी नेऊन कातड्याचा वास घेतला आणि मग टेबलावर ठेवून इब्रीपाशी उघडले. ते सपाट पडून राहिले. बारा वर्षांत प्रथमच आतल्या रकान्याच्या ओळी अथपासून इतीपर्यंत दिसत होत्या. कापलेल्या टिपेविषयी मी चाचरत सांगू लागले तेव्हा तिने चष्मा वर करून समासाकडे पाहिले आणि म्हणाली, “अगं, गेले होते ते मला माहीत आहे ना.” मग तिने फीत उचलून यहेज्केलाच्या ग्रंथात नेली, कारण नेमाप्रमाणे त्या दिवशीचे तीन अध्याय तिथले होते.

मी या माणसाकडे पुन्हा काम देणार आहे. आजोबांचे गीतांचे जुने पुस्तक, ज्याची पाठ पूर्ण गेली आहे, ते पुढच्या महिन्यात नेईन. तिथे जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, कातड्याऐवजी रेक्झिन घेऊन वाचलेले पैसे दुसऱ्या फितीवर खर्च करावेत, दिलेल्या मुदतीत दोन आठवडे आपणहून मिळवावेत, आणि समासात काही लिहिलेले असेल तर “कडा कापू नये” हे शब्द त्यांच्यासमोर पावतीवर लिहून घ्यावेत.