अंगणासाठी शहाबादी की पोर्सलेन: एका उन्हाळ्यानंतर आणि एका पावसाळ्यानंतर

गुहागर तालुक्यातील आमच्या घराचे अंगण पूर्वी दर दिवाळीच्या सुमारास चोपून शेणाने सारवले जात असे आणि पावसाळ्यात चिखलातून वाट राहावी म्हणून त्यावर झावळ्या अंथराव्या लागत. या कामाला माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा गेल्या जानेवारीत आम्ही फरशी बसवली. सासूबाईंना दगड हवा होता आणि मला पोर्सलेन. शेवटी पडवीसमोर रफ शहाबादी आणि विहिरीपासून मागील दारापर्यंत २० मिलिमीटर जाडीची, बाहेरच्या वापरासाठी मिळणारी पोर्सलेन टाइल असे ठरले. जांभ्याचाही विचार केला होता, कारण घराचे जोते आणि गडगा त्याचाच आहे. परंतु सच्छिद्र असल्यामुळे तो ओल धरतो आणि शेवाळाला त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

पहिला फरक मे महिन्यात कोकमांनी दाखवला. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाने तो खाल्ला जातो, हे मी वाचले होते; पण आमसुले वाळत घालताना भांड्यातून सांडलेल्या रसाने तासाभरात फरशीचा पृष्ठभाग खरबरीत आणि पांढुरका होईल, एवढी कल्पना मला नव्हती. रंगाचा डाग पुढे फिका पडला, परंतु खाल्लेला भाग आजही हाताला लागतो. तोच रस पोर्सलेनवर सांडला तेव्हा ओल्या फडक्याने निघून गेला. ही टाइल सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, त्यामुळे डाग आत मुरत नाही. ज्यांच्याकडे कोकम, चिंच किंवा कैरीचे काम अंगणात होते, त्यांनी तेवढ्या भागात तरी चुनखडीचा दगड घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उन्हाच्या बाबतीत मात्र सासूबाईंचे म्हणणे खरे ठरले. भर दुपारी दोन्हींवर अनवाणी उभे राहवत नाही, आणि आमची टाइल गडद राखाडी असल्याने ती अधिकच तापते. फिका रंग घ्यायला हवा होता. संध्याकाळी पाणी शिंपडले की शहाबादी ते थोडे पिते आणि ते हळूहळू उडून जाताना जागा थंड होते. पोर्सलेनवरून तेच पाणी वाहून जाते आणि टाइल रात्रीपर्यंत कोमट राहते. बसायला सगळे दगडाकडेच जातात.

पावसाळ्यात शहाबादीवर, विशेषतः फणसाच्या सावलीत, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हिरवा थर आला आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासणे भाग पडले. पोर्सलेनवर शेवाळ येतच नाही, असे दुकानात सांगितले होते. ते खरे नाही. सांध्यांत ते येतेच, आणि खरखरीत पृष्ठभागात माती अडकली की टाइलवरही पातळ थर धरतो, पण तो साध्या पाण्याने आणि ब्रशाने निघतो. घसरण्याविषयी एक गोष्ट मला उशिरा कळली. खोक्यावर लिहिलेला आर ११ हा दर्जा बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर चालून ठरवलेला असतो; अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी वर्गवारी आहे आणि तिच्यात सी सर्वांत सुरक्षित. विहिरीवर आपण अनवाणीच वावरतो, म्हणून दुकानात ही वर्गवारी विचारून घ्यावी.

आमची मोठी चूक बसवण्यात झाली. गवंडी शहाबादीत उत्तम होते, परंतु पोर्सलेनही त्यांनी त्याच सवयीने, चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून बसवली. ही टाइल पाणी पीत नसल्यामुळे साध्या सिमेंटचा माल तिला नीट धरत नाही; तिला टाइल ॲडहेसिव्ह लागते आणि ते दातेरी थापीने पूर्ण पसरावे लागते. ऑगस्टमध्ये वाऱ्याने पडलेला नारळ एका पोकळ राहिलेल्या कोपऱ्यावर आदळला आणि टाइल फुटली. तोपर्यंत मी कधी ठोकून पाहिले नव्हते; नंतर पाहिले, तर आणखी सात टाइल बद्द वाजल्या. त्याच छटेचा माल दुकानात शिल्लक नव्हता, म्हणून बदललेली टाइल वेगळी दिसते. शहाबादीचा एक तुकडा तडकला होता, तो मात्र जवळच्या वखारीतून आणून अर्ध्या दिवसात बदलता आला.

ढाळ दर मीटरला दीड सेंटीमीटर दिला होता, त्यामुळे दोन्ही भागांत पाणी कुठेही साचले नाही.

आता डिसेंबरात त्या सात टाइल काढून ॲडहेसिव्हने पुन्हा बसवणार आहोत. पडवीसमोरची शहाबादी आहे तशीच राहील आणि येत्या मे महिन्यापासून आमसुले विहिरीकडच्या भागात वाळतील. सासूबाईंनीच तसे ठरवले आहे.