ओसलिव्हनचा वाळवंटातला फोटो: डाउनलोड फुकट, प्रिंट मात्र समोर उभं राहून काढून घ्या

हॉलमध्ये लावायला एक जुना अमेरिकन लँडस्केप फोटो हवा होता, पण रेडीमेड फ्रेमच्या किमती बघून नाद सोडला होता. मग कळलं की लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालयच म्हणा) साइटवर टिमोथी ओसलिव्हन या जुन्या फोटोग्राफरचे फोटो चक्क फुकट आहेत, लॉगिन नको काही नको, मोठी टिफ फाईल सरळ उतरवून घ्यायची. मी नेवाडातल्या कार्सन वाळवंटाचा १८६७ चा घेतला.

झूम करून बघाच एकदा. सगळीकडे नुसती वाळू, मधे खेचरं जुंपलेली एक गाडी, आणि त्या गाडीपासून कॅमेऱ्याच्या दिशेने आलेले पावलांचे ठसे. ती गाडीच त्याची डार्करूम होती हो! तेव्हा काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रव ओतायचं, उजेड टिपता यावा म्हणून सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, आणि काच ओली आहे तोवरच फोटो काढून डेव्हलपही करायचा, वाळली की संपलं. म्हणजे त्या उन्हात वाळू तुडवत धावपळ केली असणार, आणि ते ठसे फोटोत राहिलेत. मी तर अर्धा तास तेच बघत बसले. भूगर्भशास्त्रज्ञ क्लॅरेन्स किंगच्या सरकारी सर्व्हेबरोबर गेला होता ओसलिव्हन, त्याआधी अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरचे फोटो काढलेला माणूस, आणि चाळिशी ओलांडतो न ओलांडतो तोच टीबीने गेला, फार वाईट वाटतं.

आता प्रिंटचं. पहिल्या दुकानात पेन ड्राइव्ह ठेवून आले तिथेच चुकलं. त्यांनी तपकिरी रंग काढून कडक ब्लॅक अँड व्हाइट केलं, वर आकाश कोरं दिसतंय म्हणून करडी शेड मारली! अहो, कोलोडियनच्या काचेवर निळ्या उजेडाचा परिणाम फार पटकन होतो त्यामुळे आकाश जळून पांढरंच येतं, आणि तो तपकिरीपणा अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या अल्ब्युमेन कागदाचा आहे, तोच तर हवा होता मला. दुसरीकडे समोर उभं राहून सांगितलं, काहीही करेक्शन नको, मॅट पेपर, साइज छोटाच. तेव्हा सहसा एनलार्ज करत नसत, जेवढी काच तेवढीच प्रिंट, म्हणून पोस्टरएवढा करू नका. हा मस्त आलाय, ठसे न् ठसे मोजता येतात.

डाउनलोडला पाचपैकी पाच. पुढच्या महिन्यात त्याचाच ॲरिझोनातल्या कॅन्यन डी शे या दरीचा १८७३ चा फोटो काढणारे, त्यात कड्याच्या कपारीतल्या पडक्या घरांजवळ उभी माणसं मुंगीएवढी दिसतात.