मेक की डू, स्ट्राँग की हेवी? कुठल्या शब्दाची जोडी कोणाशी

आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो आणि यात मार कोणालाच बसत नाही, पण बाहेरून मराठी शिकणाऱ्या माणसाला हे सगळं पाठ करावं लागतं बिचाऱ्याला. इंग्रजीत आपलं तेच होतं. ग्रामर बरोबर, अर्थ बरोबर, तरी ऐकणारा जरा अडखळतो कारण शब्दाची जोडी चुकलेली असते.

सगळ्यात जास्त गोंधळ मेक आणि डूचा, कारण आपल्याकडे दोन्हीला 'करणे'. चूक करणे, होमवर्क करणे, फोन करणे, भांडी करणे, सगळं एकच. मी असं बघतो की काम आधीपासून समोर पडलंय आणि ते फक्त उरकायचंय तर डू, म्हणजे होमवर्क, भांडी, कपडे, व्यायाम. आधी नव्हतं ते तुमच्यामुळे झालं तर मेक, म्हणजे चूक, आवाज, चहा, फोन कॉल, पैसेसुद्धा. दहातल्या सात-आठ वेळा हे चालतं. मग मध्येच मेक द बेड येतं, ज्यात सुताराचा काही संबंध नाही, फक्त चादर नीट करायचीय, आणि फेवर मात्र डू करायची. डिसिजनला मेक आणि टेक दोन्ही चालतात, टेक जरा ब्रिटिश वळणाचं, शंका असेल तर मेक वापरा.

दुसरी जोडी मला जास्त आवडते. जोराचा वारा, जोराचा पाऊस, आपल्याला एकच जोर पुरतो. इंग्रजीत वारा स्ट्राँग पण पाऊस हेवी. स्ट्राँग रेन म्हटलं तर कळतं सगळ्यांना पण कानाला खटकतं. जिथे भरपूर प्रमाणात काहीतरी आहे तिथे बहुतेक हेवी, बर्फ, ट्रॅफिक, दिवसाला पाकीट संपवणारा स्मोकर. जिथे जोर किंवा उग्रपणा आहे तिथे स्ट्राँग, कडक चहा, वास, बोलण्यातला ॲक्सेंट. डोकं मात्र स्ट्राँग दुखत नाही, बॅड हेडेक म्हणा. अडलात तर ऑक्सफर्डची कोलोकेशन्स डिक्शनरी, म्हणजे अशा शब्दांच्या जोड्यांचा कोश आहे, २००२ मध्ये पहिल्यांदा आली, पण त्यात हेवी शोधत बसू नका, रेन काढा, त्याच्यासोबत काय काय येतं ते तिथेच दिलेलं असतं.

उंच म्हणजे टॉल की हाय? माणूस, झाड, टॉवर, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त असेल तर टॉल. डोंगर हाय, आपलं १६४६ मीटरचं कळसूबाई हायच. 'सहा फूट हाय' माणूस कुणी लिहू नका प्लीज, मी एकदा बायोडाटात लिहिलं होतं.

'बघणे' त्यामानाने सोपं. मॅच वॉच, फोटोकडे लुक ॲट, सहज दिसलं तर सी. बॉरो म्हणजे उसनं घेणं, लेंड म्हणजे देणं, संपलं.

राहिली परीक्षा. आपण परीक्षा 'देतो' म्हणून गिव्ह ॲन एक्झाम, आणि भारतात हे इतकं रुळलंय की याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण लंडन-न्यूयॉर्ककडे परीक्षा गिव्ह करतो तो मास्तर, विद्यार्थी टेक करतो, ब्रिटनमध्ये सिटसुद्धा म्हणतात. ऑफिसात, मित्रांत गिव्ह खुशाल चालू द्या, बाहेरच्या युनिव्हर्सिटीला ॲप्लिकेशन लिहिताना तेवढं टेक करा.