पेशंट चालेल का, हात येईल का? स्ट्रोकनंतरच्या तीन अंदाजांची तुलना

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन झालंय किंवा कॅथेटर घालून गुठळी काढलीय. पेशंट आयसीयूत, आणि बाहेर घरच्यांच्या डोक्यात भलतेच हिशोब: घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, रजा किती टाकायची, बाई दिवसापुरती ठेवायची की चोवीस तासांची. माणूस किती सावरेल हे कळल्याशिवाय यातलं काहीच ठरत नाही. डॉक्टर जो अंदाज देतात तो साधारण तीन वेळच्या तपासण्यांवरून येतो, आणि तिन्ही सारख्या भरवशाच्या नाहीत.

दाखल होतानाचा स्कोअर सगळ्यात आधी हातात येतो. इंजेक्शनच्या पेशंटसाठी हेलसिंकीच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये मांडलेला ड्रॅगन स्कोअर घ्या. सीटी स्कॅनमधल्या खुणा, झटक्याआधीचं अपंगत्व, वय, रक्तातली साखर, इंजेक्शनला झालेला उशीर आणि झटक्याची तीव्रता मिळून 10 गुण. जितके जास्त तितकं वाईट. मूळ अभ्यासात 0-1 गुणांचे 96 टक्के पेशंट तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करत होते, 8 ते 10 गुणांचा एकही नाही. टोकं चोख आहेत. पण तुमच्या वडिलांचे 5 आले तर हाती काय लागतं? फारसं काही नाही. शिवाय हा स्कोअर उपचाराआधीचा; रक्तवाहिनी उघडली की नाही हे त्याला ठाऊकच नसतं. आणि स्कोअर वाईट आला म्हणून उपचारच नको, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

पण वाहिनी उघडली म्हणजे सुटलो, असंही नाही. कॅथेटरने गुठळी काढण्याच्या पाच मोठ्या चाचण्यांचे आकडे 2016 मध्ये एकत्र छापून आले. हा उपचार मिळालेले 46 टक्के पेशंट तीन महिन्यांनी स्वावलंबी होते, न मिळालेल्यांत 26.5 टक्के. फरक घसघशीत आहे, तरी निम्म्याहून जास्त लोकांना आधार लागलाच. ‘गुठळी निघाली’ ऐकून पेढे आणायची घाई नको.

म्हणून चोवीस तासांनंतरचा एनआयएचएसएस, म्हणजे झटक्याची तीव्रता मोजणारा स्कोअर, पहिल्यापेक्षा बराच उजवा. शुद्ध, नजर, चेहरा, हातपाय, बोलणं अशा तपासण्यांचे 0 ते 42 गुण, इथेही जास्त म्हणजे वाईट. उपचार लागू पडला की नाही ते यात उतरतं. केसपेपरवरचे दाखल होतानाचा आणि चोवीस तासांनंतरचा असे दोन्ही आकडे विचारून घ्या. 16 चे 6 झाले आणि 16 चे 15 झाले, या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. मात्र पेशंट झोपेच्या औषधावर किंवा व्हेंटिलेटरवर असेल तर आकडा उगाच फुगतो. आणि या मोजपट्टीत भाषेला वजन जास्त असल्याने मेंदूच्या उजव्या बाजूचा झटका कागदावर हलका दिसतो. चारच गुण असलेला माणूस ताटाच्या डाव्या अर्ध्यातलं जेवण तसंच ठेवून उठू शकतो, कारण ती बाजू त्याच्या लेखी नसतेच.

तिसऱ्या दिवसाची तपासणी दिसायला अगदी साधी, आणि माझं मत विचाराल तर घरच्यांच्या कामाची हीच. ती पाय आणि हात वेगळे धरते. पेशंटला पलंगाच्या कडेला बसवायचं, पाठीचा टेकू काढायचा आणि 30 सेकंद मोजायचे. मग लुळ्या पायात थोडी तरी ताकद आहे का ते बघायचं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ही दोन्ही 72 तासांच्या आत जमणाऱ्यांची सहा महिन्यांत आपलं आपण चालण्याची शक्यता 98 टक्के निघाली. दोन्ही न जमणाऱ्यांची 27, आणि नवव्या दिवशीही न जमल्यास 10. हातासाठी खांदा बाजूला उचलता येतो का आणि मिटलेली बोटं थोडी तरी उघडतात का, एवढंच. दोन्ही येत असेल तर हात काही प्रमाणात तरी कामाला येण्याची शक्यता 98 टक्के; नसेल तर 25, नवव्या दिवशीही नसेल तर 14. इथे ‘कामाला येणं’ म्हणजे वस्तू धरण्यापुरतं. सुईत दोरा ओवणं नव्हे.

याच दोन हालचालींना ऑकलंडच्या संशोधकांनी ताकदीप्रमाणे प्रत्येकी 0 ते 5 गुण दिले. बेरीज 5 किंवा जास्त आणि वय ऐंशीच्या आत, तर हाताचं भवितव्य उत्तम. बेरीज कमी आली तर पुढे मेंदूला चुंबकीय उद्दीपन देणारं यंत्र लागतं, जे बहुतेक हॉस्पिटलांत मिळणार नाही. यंत्रासकट ही पद्धत चारातल्या तीन वेळा बरोबर येते. चौथा पेशंट आपला असू शकतो, हे धरूनच चालायचं.

हे आकडे परदेशी आहेत. भारतातल्या 14 हॉस्पिटलांतल्या 1250 पेशंटवर घरच्यांनीच व्यायाम करून घेण्याची चाचणी झाली. निकाल 2017 मध्ये आला. घरच्यांनी व्यायाम करून घेतलेला गट आणि नेहमीचेच उपचार मिळालेला गट, सहा महिन्यांनी दोन्हींत 47 टक्के लोक एकतर दगावले होते किंवा परावलंबी होते. ‘आम्ही घरीच करून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं आणि फिजिओ बंद करू नये.

बाई, पलंग, खालच्या मजल्यावरची खोली हे तिसऱ्या दिवसाच्या तपासणीवर ठरवता येईल. नवव्या-दहाव्या दिवशी ती पुन्हा करून घ्या. नोकरीचा राजीनामा, घर विकणं असल्या गोष्टी तीन महिन्यांच्या अलीकडे नकोत. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर वरचे आकडे लावूच नका. तिथे उपचार आखडते घ्यायचा निर्णय किमान दुसरा दिवस पूर्ण होईपर्यंत थांबवावा असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण ‘वाचणार नाही’ म्हणून उपचार थांबवले की अंदाज आपोआप खरा ठरतो. आणि वाचा परत येईल का, हे यातली एकही तपासणी नीट सांगत नाही. ते स्पीच थेरपिस्टला वेगळं विचारा, डिस्चार्जच्या आधीच.